पिवळी न झालेली जागा

कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते काही माझी लेखणी थोर म्हणून नव्हे. जुन्या लोकांपैकी जिची स्मरणशक्ती शाबूत आहे आणि जीभही, अशी मी एकटीच त्यांना सापडले. फोन केला तो कंपनीच्या हल्लीच्या मुख्य बाईंनी, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांच्या मुलीने. ही लहानपणी बापाबरोबर ऑफिसात यायची आणि माझ्या टेबलावरचे स्टेन्सिल पळवायची. आता म्हणते, "आंटी, वर्धापनदिनाचं पुस्तक काढतोय, जुना भाग तुम्ही लिहा." मी म्हटलं, "लिहीन, पण मराठीत लिहीन. भाषांतर तुमचं तुम्ही बघा." ती लगेच हो म्हणाली. माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो हे तिने बापाकडून ऐकलेलं असणार.

सुरुवातीची पानं भराभर झाली. मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये दोरखंड आणि जहाजाचा रंग विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, तिथे कंपनी सुरू झाली. जिना चढताना डांबराचा वास असा नाकात बसायचा की घरी जाऊन आमटीला फोडणी दिली तरी तोच यायचा. साहेब तेव्हा बंदरातले मोडके धक्के दुरुस्त करून द्यायचे, पाण्याखालून पाइप टाकायचे. मग समुद्रात तेल आणि गॅस लागला, आणि साहेबांनी ठरवलं की आपणही तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म बांधायचे. लोक हसले. पण ते मोठे जिद्दी. शहराच्या उत्तरेला खाडीकाठी यार्डासाठी जागा घेतली, क्रेन आणली, आणि 'जॅकेट' बांधायला लागले. जॅकेट म्हणजे प्लॅटफॉर्मच्या खालचा चार पायांचा पोलादी सांगाडा. तो किनाऱ्यावर आडवा पाडून बांधायचा, बार्जवर, म्हणजे सपाट मालनौकेवर, ओढून घ्यायचा, समुद्रात न्यायचा आणि तिथे उभा करून ठोकायचा. एवढा मोठा उद्योग, पण सुरू व्हायचा तो कागदावर. त्या कागदांच्या खोलीत मी होते.

लग्न होऊन मी मद्रासला आले तेव्हा माझ्याजवळ सांगलीचा ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा होता आणि तमिळचे चार शब्द. नवरा शहराबाहेर आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात. कंपनीत नोकरी मिळाली ती दोन मुलं झाल्यावर, दोन वर्षांच्या बोलीवर, ट्रेसर म्हणजे ड्रॉइंग पारदर्शक कागदावर उतरवणारी म्हणून. अख्ख्या ड्रॉइंग ऑफिसात बाई मी एकटी. "बाईमाणूस बोर्डावर वाकून आठ तास उभं राहणार का?" असं माझ्यासमोर, मला कळत नाही असं समजून, तमिळमध्ये बोलले. मला तेवढं कळलं. मी आठ तास उभी राहिले, आणि नववाही.

चेकर होते अण्णा. खरं नाव वेगळं, पण सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून ते म्हणाले, "मराठी काय तूं? बैस की." जुन्या दस्तऐवजातली मराठी, वर तमिळचा हेल. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, कारण महिनोन् महिने घरच्यांखेरीज कुणी माझ्याशी मराठी बोललंच नव्हतं.

चेकर म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ड्रॉइंग तयार झालं की त्याची एक प्रत चेकरकडे जायची. तो एकेक रेघ, एकेक आकडा तपासायचा. बरोबर असेल त्यावरून पिवळी पेन्सिल फिरवायची, चूक असेल तिथे लाल. संपूर्ण कागद पिवळा झाला की ड्रॉइंग पास. मग कोपऱ्यातल्या चौकटीत सह्या: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. माझी नोकरी कायम झाली नव्हती, आणि कायम न झालेल्याने काढणाऱ्याच्या रकान्यात सही करायची नाही असा साहेबांचा नियम होता. माझ्या ड्रॉइंगवर तो रकाना कोराच जायचा. त्याचा मला इतका राग यायचा की कधी कधी मी त्या रकान्याची रेघ मुद्दाम वाकडी काढायची.

अण्णांचं एक पालुपद होतं. "बाई, बाण पहिलें काढ." बाण म्हणजे उत्तर दिशा दाखवणारा. समुद्रातल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मला आपली स्वतःची उत्तर असते. होकायंत्रातली खरी उत्तर वेगळी. वाऱ्यालाटांच्या हिशेबाने प्लॅटफॉर्म तिरका उभा राहतो, म्हणून त्याचीच एक बाजू उत्तर धरायची, म्हणजे 'पूर्वेचा पाय', 'उत्तरेचा जिना' असं सगळ्यांना सरळ बोलता येतं. पण ऑफिसात आम्ही सगळे बाण शेवटी काढायचो. सगळं आवरून झाल्यावर आरशासमोर टिकली लावावी तसा. अण्णांना ते खपायचं नाही. "दिशा नाहीं ठरली तर काय काढतेस तूं?" म्हणायचे. मी "हो अण्णा" म्हणायची आणि शेवटीच काढायची.

कंपनीचं दुसरंच मोठं जॅकेट होतं. अर्धं काम झाल्यावर तेल कंपनीकडून पत्र आलं की समुद्रातल्या लाटांचा नव्याने अभ्यास झालाय, प्लॅटफॉर्म पाव फेरा वळवायचा. मात्र बोट लँडिंग, म्हणजे माणसं उतरवायला बोट जिथे टेकते ती जागा, लाटांच्या आडोशालाच राहिली पाहिजे. याचा अर्थ ती सांगाड्याच्या शेजारच्या बाजूवर हलवायला हवी. ड्रॉइंग माझ्याकडे आलं. मी जुन्या कागदावर नवा ट्रेसिंग पेपर अंथरला, झरझर सगळं उतरवलं, आणि सवयीप्रमाणे शेवटी बाण काढला. बाण वळवला. बोट लँडिंग वळवायचं राहिलं.

बाण आधी काढला असता तर एकेक वस्तू त्याच्याशी ताडून बसवली असती. कळतं हो आता! तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं. धाकट्याच्या अंगात ताप, त्याला शेजारच्या मामींकडे ठेवून आले होते, आणि ब्रॉडवेच्या स्टँडवरून आवडीला जाणारी बस चुकली की पुढची कधी येईल ते देवाला ठाऊक. मी अण्णांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. एका पायावरून दुसऱ्या पायावर. ते पिवळी पेन्सिल फिरवत होते. मी म्हटलं, "अण्णा, सही करा ना, माझी बस जाईल." दोनदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल ठेवली आणि सही केली.

चूक सापडली ती कित्येक महिन्यांनी, जॅकेट जवळजवळ पुरं झाल्यावर. ज्या बोटीने ते समुद्रात ओढून न्यायचं होतं तिचा म्हातारा कप्तान यार्डात आला. सांगाड्याला एक फेरी मारली, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "या बाजूला बोट कशी लागणार? सगळ्या लाटा इथेच तर आदळणार." खरी जी बाजू हवी होती ती नेमकी जॅकेटच्या पोटाखाली, जमिनीकडे. तिथे शिरून आधार कापायचे, नवे जोडायचे, पुन्हा सगळ्या तपासण्या. शांत समुद्राचे दिवस हातचे गेले. मग वादळांचा मोसम आला, आणि आमचं जॅकेट खाडीकाठी आडवंच पडून राहिलं. बकऱ्या सावलीला त्याच्याखाली बसायच्या. यार्डाचा वॉचमन पायांमधून दोरी बांधून लुंग्या वाळत घालायचा. कंपनी बुडणार असं जो तो बोलत होता, आणि मला जेवण जात नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. दोन खोल्यांत आम्ही दाटीवाटीने उभे. साहेब ओरडले नाहीत, तेच जास्त भीतीचं. एवढंच विचारलं, "हे ड्रॉइंग कोणाचं?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण माझी नोकरी पुढच्या आठवड्यात कायम व्हायची होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे चेहरे, 'तरी म्हटलं होतं, बाईला कशाला बसवलं' असे. तेवढ्यात अण्णा पुढे झाले आणि तमिळमध्ये म्हणाले, "चेक मी केलं. चूक माझी."

बास. मी तोंड मिटलं. शेजारच्या बोर्डावरच्या दोघांना माहीत होतं ड्रॉइंग कुणाचं ते, त्यांनीही मिटलं. आठवड्यात अण्णांचा राजीनामा गेला आणि माझी नोकरी कायम झाली. पहिल्यांदा रकान्यात सही करायची वेळ आली तेव्हा मी अण्णांच्या रिकाम्या टेबलाकडे पाठ करून ती केली.

मी त्यांना भेटायला गेले नाही असं नाही. पोंगलला एकदा मिठाईचा डबा घेऊन सैदापेटला त्यांच्या घरी गेले होते. पुढच्या खोलीत बोर्ड लावून ते गवंड्यांना घरांचे नकाशे काढून देत होते. ते म्हणाले, "ऑफिसांत सगळें बरें काय?" मी म्हटलं, "बरं आहे." दोन वाट्या खिरीसारखं पायसम खाल्लं आणि उठले. सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. मग लाजेने जाणंच सोडलं. कंपनी अड्यारला मोठ्या इमारतीत गेली, बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले, माझे दोन्ही मुलगे शिकून ओरगडमच्या कारखान्यांत लागले, मी रिटायर झाले. वर्षं अशी भुर्रकन गेली. मनात अण्णांना मी पार देव करून टाकलं होतं. देव केला की त्याच्याकडे जावं लागत नाही, लांबून हात जोडले की भागतं. मेली माझी अक्कल!

इतिहास लिहायला घेतला आणि पंचवीस वर्षांच्या वेळची जुनी पुस्तिका हातात आली. तीत एक वाक्य होतं: 'एका वरिष्ठ ड्राफ्ट्समनच्या निष्काळजीपणामुळे एक हंगाम वाया गेला, तरी कंपनीने धीर सोडला नाही.' संपूर्ण इतिहासात अण्णांचा उल्लेख एवढाच. बिननावाचा, आणि तोही असा. नव्या पुस्तकासाठी हेच वाक्य उचलून द्यायचं म्हणून कुणीतरी शिसपेन्सिलने खूणही करून ठेवली होती. माझा असा संताप झाला! आणि मग कळलं की तो संताप मला माझाच आलाय.

यार्डातल्या कागदांच्या खोलीत तीन दिवस धूळ खाल्ली तेव्हा ती चेकिंगची प्रत मिळाली. साहेब काहीही टाकायचे नाहीत. गुंडाळी उलगडली. कागद सगळा पिवळा, अगदी एकसारख्या हाताने. फक्त उजवीकडचा खालचा कोपरा कोरा. बोट लँडिंग तिथेच होतं. मी बस जाईल, बस जाईल करत उभी होते तेव्हा त्यांची पेन्सिल तिथवर पोचलीच नव्हती.

त्या दुपारी मी ते पान नव्याने लिहिलं. चूक सर्वस्वी माझी, मी घाई केली, एका थोर माणसाने ती स्वतःवर घेतली, असं सगळं. आणि साहेबांच्या मुलीला फोन करून सांगितलं. तिने मला ते पान फोनवरच वाचायला लावलं. मग म्हणाली, "आंटी, छापू. पण सोमवारी पुस्तक प्रेसला जातंय. अण्णांना आधी दाखवा. ते नको म्हणाले तर जुनंच वाक्य राहील."

म्हणजे माझ्या हातात होते चार दिवस, आणि अण्णा नव्वदीला टेकलेले.

शुक्रवारी सकाळी गेले. सुनेने दार उघडलं. तिला मराठी येत नाही, मी तमिळमध्ये ओळख सांगितली तर आतून आवाज आला, "कोण, सांगलीची बाई काय?" मी चपला काढून सरळ आत गेले. अण्णा खुर्चीत, अंग वाळलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर वाचायचं भिंग, पण पाठ ताठ. समोर अजून तो बोर्ड. मी पाया पडले आणि प्रस्तावना न करता पान वाचायला घेतलं, नाहीतर पुन्हा पायसम खाऊन परत आले असते. वाचता वाचता रडले. वाटलं, आता ते डोक्यावर हात ठेवतील.

ते चिडले.

"म्हणजे त्या दिवशीं मी खोटें बोललों, असें लिहिलेंस तूं?"

"नाही हो अण्णा, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठीं काय? ती जागा मी पाहिली नाहीं. न पाहतां सही केली. तेंच सांगितलें सगळ्यांपुढें. त्यांत मोठेपणा कुठला आला?" त्यांचा श्वास लागला. सून पाणी घेऊन आली, त्यांनी हाताने परतवली. "नोकरी गेली माझी बाई, त्या चुकीपायीं. आतां ती चूक पण घेऊन जातेस? मग माझें काय राहिलें त्या पुस्तकांत?"

इतकी वर्षं मी माझाच अपराध उगाळत बसले होते. या माणसाला स्वतःची चूक आहे, ती त्याला टोचत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पिशवीतून ती प्रत काढून त्यांच्या बोर्डावर पसरली. त्यांनी भिंग धरून पाहिली. पिवळ्या भागावरून बोट फिरवत फिरवत कोऱ्या कोपऱ्याशी आले आणि बोट तिथेच ठेवलं.

"मी उभी होते तुमच्या डोक्यावर," मी म्हटलं. "दोनदा घाई केली."

"हव. केलीस," ते म्हणाले. "पेन्सिल माझ्या हातांत होती."

मग खण उघडला. आत पिवळ्या आणि लाल पेन्सिली, टोकं काढून ठेवलेल्या. माझं पान त्यांनी बोर्डावर चारी कोपऱ्यांना टेप लावून बसवलं, पूर्वी ड्रॉइंग बसवायचे तसं. पिवळी पेन्सिल उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज गाडी पकडायची नाहीं ना?"

"नाही अण्णा."

"मग बैस."

मी बसले. एवढ्या वर्षांत त्यांच्याजवळ बसून त्यांना तपासताना मी कधी पाहिलंच नव्हतं. कायम उभी, कायम निघायच्या तयारीत. ते ओळीवर भिंग ठेवत, ओठ हलवत वाचत, मग पिवळी रेघ. 'बाण शेवटी काढला' यावर दोनदा फिरवली, आणि मला जरा हसताना दिसले. 'थोर माणसाने' याच्यावर लाल. 'सर्वस्वी माझी' यातल्या 'सर्वस्वी'वर लाल. बाजूला कापऱ्या अक्षरांत लिहिलं: 'तपासणाऱ्याने ही जागा पाहिली नव्हती.' मी मान हलवली. सुनेने कॉफी आणून ठेवली, ती निवून गेली.

शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली. मी लिहिलं होतं: तो प्लॅटफॉर्म अजून समुद्रात उभा आहे आणि बोट आडोशाच्या बाजूला नीट लागते.

"हें कोण पाहिलें?"

"तिकडे जाऊन आलेल्या इंजिनियरला मी विचारलं."

"तूं पाहिलेंस?"

"नाही."

"मग पिवळें कसें करूं?"

अस्सल अण्णा! मी तिथूनच त्या इंजिनियरला फोन लावला आणि म्हटलं, बाबा रे, तिथे काढलेला फोटो असेल तो पाठव. अर्ध्या तासाने फोटो आला. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. निळंकाळं पाणी, गंजाचे ओघळ आलेले पिवळे पाय, आणि एका पायाशी टेकलेली छोटी बोट, शिडीला हात घातलेला एक माणूस. आम्ही दोघांनीही आमचं काम समुद्रात उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ड्रॉइंगवाल्यांना कोण नेतंय तिथे!

अण्णांनी मोबाइलवर भिंग धरलं. "उत्तर कोणती?" त्यांनी विचारलं. मी बोटाने दाखवली. त्यांनी मोबाइल पाव फेरा वळवला, पुन्हा पाहिलं. त्यांच्या भिंगावर पाणी पडलं, ते त्यांनी धोतराच्या टोकाने पुसलं. मग शेवटची ओळ पिवळी केली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी पट्टी धरून एक चौकट आखली. दोन रकाने. तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"काढणारा," ते म्हणाले. "तें कोरें आहे अजून."